आधी टेप आणा, मग खुर्ची बघू

गावात राहून मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचं काम करणारी पोरं आता आमच्या गुहागर तालुक्यातपण बऱ्यापैकी झालीत, आणि त्यातलं कोणी भेटलं की प्रश्न ठरलेला, वहिनी खुर्ची कुठली घेऊ, लिंक पाठवा ना. माझं उत्तरपण ठरलेलं आहे. आधी टेप आण. शिंपीकाकांची, सुताराची, कुठलीही चालेल. मग पोरगं हसतं, त्याला वाटतं वहिनी टाळतेय.

टाळत नाहीये बाबा. खुर्ची चांगली की वाईट हे तुझं माप माहीत असल्याशिवाय ठरतच नाही, आणि दुकानात नाहीतर ऑनलाईन फोटो बघून ते कळायची काही सोय नाही. दोनच मापं लागतात. पाय जमिनीवर सपाट टेकतील असं बसायचं, गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत एक माप, आणि खांदे सैल सोडून हात कोपरात काटकोनात वाकवला की कोपरापासून जमिनीपर्यंत दुसरं. चप्पल न घालता घ्यायचं हे माप. ऑफिसच्या फर्निचरचे जे तक्ते असतात त्यात बुटाच्या टाचेचे दोन-अडीच सेंटिमीटर आधीच धरलेले असतात, आणि आपण घरात अनवाणी वावरणारी माणसं, तिथेच पहिला फरक पडतो.

माझी उंची 5 फूट 1 इंच. गुडघ्याचं माप 40 सेंटिमीटर, कोपराचं 62. आता घरातलं टेबल मोजा, कुठलंही मोजा, डायनिंग असो की शाळेतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांचं लिहायचं टेबल असो, 75च्या आसपास भरणार. म्हणजे माझं कोपर 62वर आणि कीबोर्ड 75वर, 13 सेंटिमीटरचा फरक, तो कोण भरून काढतं तर खांदे. दिवसभर खांदे वर उचलून टाईप करायचं आणि संध्याकाळी मानेला बाम चोळायचा. घरोघरी हेच चाललंय, आणि दोष जातो खुर्चीला नाहीतर वयाला.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, म्हणजे एनआयडीने, 1997 साली भारतीय लोकांची शरीराची मापं पुस्तकरूपाने छापली, डिझाइन करणाऱ्यांनी वापरावीत म्हणूनच. पण बाजारातलं टेबल आजही तेच अडीच फुटी. आमच्याकडच्या बुटक्या बायकांनी त्यावर कसं बसायचं याचा विचार करायला कोणाला वेळ नाही, तेव्हा तो आपणच करायचा.

दोन रस्ते आहेत. टेबल खाली आणा नाहीतर स्वतः वर जा. मला टेबल खाली आणायचं होतं, सरळ पाय कापून टाकू म्हटलं, म्हणून वाडीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली, खालून हात फिरवला आणि म्हणाले, "वैनी, ह्याचं पाय कापायचं नाव नका काढू, तुमच्या सासऱ्यांनी समोर उभं ऱ्हाऊन करून घेतलेला हाय ह्यो." फणसाचं लाकूड, जुनं झालं की जो मधासारखा रंग येतो त्या रंगाचं, आतून सासूबाई ऐकत होत्याच. विषय संपला.

मग स्वतः वर. खुर्ची 52पर्यंत चढवली की कोपर टेबलाला येतं, पण पाय 12 सेंटिमीटर लोंबकळतात. ते लोंबकळणं फार वाईट, सीटची पुढची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात, आणि मग आपण नकळत पुढे सरकून सीटच्या टोकावर बसतो, म्हणजे खुर्चीची पाठ गेली कामातून. त्यावर काकांनी उरलेल्या फणसाच्या फळीतून पायाखाली ठेवायला एक उतरता पाट करून दिला, माझ्या बाजूला 9 सेंटिमीटर, पलीकडे 15, खोली 30. वरून काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकला. अनवाणी पायाला तो काथ्या जरा टोचतो पण घसरत नाही, आणि पावसात फरशी थंडगार पडते तेव्हा तर फारच बरं वाटतं. मजुरी म्हणून त्यांनी घेतलं किती तर चहा आणि दोन नारळ, पैसे काढले तर रागावले, ते वेगळं.

अजून एक गोष्ट त्यांच्याच लक्षात आली, माझ्या नाही. टेबलाला खाली ड्रॉवर होता. खुर्ची वर चढवली की मांड्या ड्रॉवरला घासायला लागल्या. तो त्यांनी सरळ काढून ठेवला, टेबलाला हात न लावता. जुन्या टेबलांना हा ड्रॉवर हमखास असतो, तेव्हा खुर्ची घेण्याआधी मांडीला जागा किती उरते ते बघा. कीबोर्ड ठेवायला सरकता ट्रे लावतात ना टेबलाखाली, तोही चांगला उपाय आहे, पण मांडीला जागा असेल तरच.

आता लॅपटॉप. लॅपटॉप हे यंत्रच असं आहे की त्यावर नीट बसताच येत नाही, कारण स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. हात बरोबर ठेवले तर मान खाली, मान बरोबर ठेवली तर हात हवेत. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, न्यूयॉर्कच्या एका स्पाइन सर्जनने 2014मध्ये कॉम्प्युटर मॉडेलवर हिशेब मांडला होता की ते 60 अंश पुढे वाकवलं की मानेवर 27 किलोच्या आसपास भार येतो. मॉडेलच आहे, त्यामुळे आकडा अगदी किलोपर्यंत धरून बसू नका, पण दिशा खरी आहे, आणि मोबाईलवर रील बघताना आपली मान किती वाकते ते शेजारच्याने फोटो काढून दाखवलं की पटतं.

उपाय स्वस्त आहे. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, साधा वायरवाला सेट हजाराच्या आत येतो, आणि लॅपटॉप उचलून ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल इतका, आणि हात लांब केला की बोटं स्क्रीनला टेकतील इतक्या अंतरावर. ज्यांना प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला, आहे त्यांनी अजून थोडा खाली ठेवा, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते. उचलायला स्टँडच पाहिजे असं काही नाही. मी सुरुवातीला देवघरातला पाट घेऊन आले होते, सासूबाईंनी नुसतं बघितलं, मी परत नेऊन ठेवला. आता जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सुतळीने बांधून खाली घातलाय, उंची कमीजास्त करायची तर एखादा अंक काढायचा नाहीतर घालायचा, इतकं बारीक ॲडजस्टमेंट विकतच्या स्टँडला पण नसतं.

माऊस कीबोर्डला खेटून पाहिजे. ज्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचं पॅड असतं त्यात माऊस बराच लांब जातो आणि हात दिवसभर अंगापासून लांब राहून खांद्यावर ताण येतो. अकाउंट्सवाल्यांना ते पॅड लागतं, बाकीच्यांनी बिनपॅडचा घ्यावा. आणि कीबोर्डच्या मागच्या दोन छोट्या टांगा असतात त्या उघडू नका. सगळे उघडतात. त्याने मनगट मागे मोडतं.

आता खुर्चीकडे येते, कारण किनाऱ्यावरचं खरं भांडण खुर्चीशीच आहे. दिरांनी पुण्याहून एक खुर्ची पाठवली होती, ऑफिस बंद होताना स्वस्तात मिळाली म्हणून, काळी, लेदरसारखी दिसणारी, साहेबी थाटाची. पुण्यात ती दहा वर्षं टिकली असती. इथे पहिला पावसाळा संपता संपता तिच्यावर पांढरी बुरशी आली, पुसली, परत आली, आणि पुढच्या पावसाळ्यात वरचा थर सुटायला लागला, उठलं की ड्रेसला मागून काळे कपचे चिकटलेले. ते लेदर नसतंच, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो थर पाण्यामुळे आतून तुटत जातो, कितीही पुसा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा, तिथे असली खुर्ची म्हणजे पैशाला पाणी.

जाळीची खुर्ची घ्या. पाठ जाळीची, जमलं तर सीटही. 1994 साली अमेरिकेत एरॉन नावाची जाळीवाली खुर्ची आली तेव्हापासून ही पद्धत रुळली, आता दहा हजाराच्या आतही बऱ्या मिळतात. घाम सुटत नाही, बुरशीला धरायला काही नाही, धुऊन उन्हात ठेवता येते. एप्रिल-मेमध्ये लाईट गेली की काय होतं ते मी सांगायला नको. आणि खालचा पंचपाया नायलॉनचा बघा, चकचकीत क्रोमवर भुलू नका, क्रोमखाली लोखंड असतं आणि किनाऱ्यावर त्याला दोन वर्षांत फोड येतात. मिठाचे कण हवेतलं पाणी ओढून धरतात त्यामुळे गंज रात्रंदिवस चालू असतो, ऊन असलं तरी. सीट वरखाली करणाऱ्या गॅसच्या दांड्याला आणि चाकांच्या खिळ्यांना पावसाआधी आणि पावसानंतर शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवायचं, दोन मिनिटांचं काम. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

चाकांचं अजून एक. पडवीत अजून शेणाने सारवलेली जमीन असेल तर चाकाची खुर्ची तिथे नेऊ नका, एका आठवड्यात जमिनीला चर पडतात आणि मग सारवणाऱ्या बाईमाणसाचं बोलणं खावं लागतं. चाकं खेचून काढून त्याजागी बुटक्या स्थिर टोप्या बसवता येतात, मिळतात वेगळ्या. कोब्यावर किंवा फरशीवर चाकं चालतात.

खुर्चीत बसून बघायचं ते इतकंच, पाठ पूर्ण टेकवल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची खोबण यात दोन-तीन बोटं आत गेली पाहिजेत. बऱ्याच खुर्च्यांची सीट आपल्या बायकांना खोल पडते, पाठ टेकवली की पाय उचलले जातात. मग पाठीमागे उशी घ्या, कमरेच्या खोलगट भागात, नसेल तर जुनी चादर गुंडाळून वळकटी करा. कमरेला आधार देणारा फुगवटा वरखाली होणारा असेल तर उत्तम, तो पट्ट्याच्या रेषेच्या थोडा वर यायला हवा. हातांच्या आधाराला, म्हणजे आर्मरेस्टला, टेबलाखाली जाता आलं पाहिजे, नाहीतर ते टेबलाला आपटून आपल्याला लांब ठेवतात. डोक्याचा आधार, मसाजचं बटण, लाल-काळा रेसिंगचा गेमिंग प्रकार, यावर पैसे घालू नका, माझं मत आहे, पटलं तर घ्या.

ताठ बसा असं आपल्याला शाळेपासून सांगितलेलं असतं. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्याच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता, त्यात उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर दाब बराच जास्त निघाला. 1999मध्ये जर्मनीत परत मोजलं तेव्हा फरक तेवढा दिसला नाही, पण पुढे वाकलं की दाब वाढतो आणि मागे टेकून रेललं की उतरतो हे कायम राहिलं. तेव्हा काटकोनात शिपायासारखं बसायची काही गरज नाही, पाठ थोडी मागे, 100 ते 110 अंशांवर, टेकलेली असू दे. कॉल असेल आणि टाईप करायचं नसेल तर मी सरळ ओटीवरच्या झोपाळ्यावर जाते. टीममधल्या एकीने विचारलं होतं की तुमच्याकडे पाठीमागे कसला कर्र कर्र आवाज येतो, कड्यांना तेल घातलंय आता.

सासूबाईंचं यावर म्हणणं असं की आम्ही जन्मभर विळीवर बसलो, आम्हाला कुठे काय झालं. खरं आहे, सत्तरीत त्या जमिनीवरून हात न टेकता उठतात, मी नाही उठत. पण त्या विळीवर बसतात किती, नारळ खवला, भाजी चिरली की उठल्या, मग विहीर, मग मागची वाडी, मग फुलं. एका जागी, एकाच पवित्र्यात आठ-नऊ तास त्या कधी बसल्याच नाहीत. कितीही महागाची खुर्ची आणली तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठावं लागतंच. पाण्याची बाटली भरून जवळ ठेवायची नाही, छोटा तांब्या ठेवायचा, संपला की उठणं भाग पडतं.

उजेडाबद्दल कोणी बोलत नाही पण जुन्या कौलारू घरात तो खुर्चीइतकाच महत्त्वाचा. चिऱ्याच्या जाड भिंती, छोट्या खिडक्या, वर पागोळ्यांसाठी पुढे आलेलं छप्पर, माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. म्हणून सगळे लॅपटॉप घेऊन पडवीत येतात, आणि पडवीत उलटा त्रास, समोर आगर आणि त्यापलीकडे लखलखणारा समुद्र, डोळे मिचकावत बसायचं. खिडकी समोरही नको आणि पाठीमागेही नको, बाजूला हवी. समोर असली तर डोळे दिपतात, मागे असली तर स्क्रीनवर खिडकीच दिसते. आमचा किनारा पश्चिमेचा, दुपारी तीननंतर उन्हाची तिरीप थेट आत येते, त्यामुळे टेबल उत्तरेच्या खिडकीला आडवं लावलंय. जुलैत मात्र दुपारी बारालाच अंधारून येतं, तेव्हा स्क्रीन उजळ आणि भोवती काळोख असं होऊ देऊ नका, बाजूला एक टेबललॅम्प, तोंड भिंतीकडे, म्हणजे चुन्याच्या भिंतीवरून उजेड मऊ होऊन येतो.

डोळ्यांना 20-20-20 सांगतात, दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर बघायचं. शहरात त्यासाठी समोरच्या बिल्डिंगचे कपडे वाळत घातलेले बघावे लागतात, इथे पोफळी आहेत, कोणी चढलेला असला तर 20 सेकंदांचे पाच मिनिटं होतात. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून टेबलफॅन तोंडावर घेऊ नका, पायाकडे वळवा.

वीज म्हणजे काही अर्गोनॉमिक्स, म्हणजे कामाची जागा अंगाला जुळवून घ्यायचं शास्त्र, नव्हे पण इथे लिहितेच. मे अखेरीला आणि दसरा-दिवाळीच्या आसपास गडगडाट सुरू झाला की चार्जर आणि राऊटर दोन्ही भिंतीतून काढा, बटण बंद करून भागत नाही. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघून घ्या, कातळावर उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की ते हमखास कमजोर होतं. पावसात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, स्वतःच्या गरमीने आतला दमटपणा जातो, आणि झाकायला प्लास्टिक नको, सुती कापड.

एवढं सगळं केल्यावरही हाताची बोटं रात्री बधिर होत असतील, अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं विशेषतः, किंवा कमरेतून कळ पायात उतरत असेल, तर टेप बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. करंगळीकडून बधिरपणा येत असेल तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसताय का तेही बघा, तिथून एक नस अगदी कातडीलगत जाते.

राहता राहिला गणपती. आमच्याकडे ओटी रिकामी करावी लागते, टेबल माळ्याच्या जिन्याखाली, खुर्ची खोलीत, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी खुर्चीत बसून तो दांडा खालीवर करून बघतातच, पोरं तर गरगर फिरतात. विसर्जनानंतर सगळ्या उंच्या गेलेल्या. त्यावर मी पेन्सिलने भिंतीवर खुणा केल्या होत्या, सीट माझ्यासाठी इथे, ह्यांच्यासाठी इथे, लॅपटॉपची वरची कड इथे. पुतण्याला वाटलं उंची मोजायचं चाललंय, त्याने स्वतःची खूण केली, मग त्याच्या बहिणीने केली, मग शेजारच्या दोघांनी. नुकताच चुना लावलेली भिंत, सासूबाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, माझ्यासकट. आता खुणा खिडकीच्या चौकटीवर आतल्या बाजूला आहेत, दार उघडल्याशिवाय दिसत नाहीत.